फोन नुसता पडून असताना दिवसाचा १.५ जीबी डेटा दुपारीच कसा संपतो?

आधी चोर पकडा, मग कुलूप लावा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराच्या यादीत सर्वांत वरच्या ॲपवर टाका बोट. तिथे फोरग्राउंड (ॲप समोर उघडं असताना) आणि बॅकग्राउंड (ॲप मागे चालू असताना) असे दोन आकडे दिसतात. बॅकग्राउंडचा आकडा मोठा असेल तर त्याच पानावरचं 'बॅकग्राउंड डेटा' बंद करा. व्हॉट्सॲप आणि बँकेच्या ॲपचं मात्र करू नका, मेसेज नि सूचना उशिरा येतील.

बहुतेक वेळा दोषी असतात ते व्हिडिओच. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग 'स्टोरेज अँड डेटा'. तिथे मोबाइल डेटावरच्या ऑटो-डाउनलोडमधल्या सगळ्या खुणा काढा. गूगल फोटोजचा बॅकअप आणि प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वाय-फायवर ठेवा.

बॅटरीही वाचवायची असेल तर: सेटिंग्जमध्ये त्या ॲपचं 'ॲप इन्फो', मग बॅटरी, मग 'रिस्ट्रिक्टेड', म्हणजे ॲपच्या मागे चालण्यावर मर्यादा (अँड्रॉइड १२ पासून, काही कंपन्यांच्या फोनमध्ये नाव वेगळं). खरेदीची आणि गेमची ॲप्स बिनधास्त तिथे टाका. लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना' एवढीच द्या.

आणि अलीकडे उघडलेल्या ॲप्सच्या यादीतून ॲप्स सारखी सरकवून बंद करणं सोडा. ॲप पुन्हा शून्यातून उघडताना प्रोसेसरला जास्त काम पडतं, बॅटरी उलट जास्त जाते.