राब न भाजता भाताचं रोप होतं का? (शेत मुरबाडला, राहायला ठाण्यात)

हो, होतं. आमचंही शेत मुरबाडलाच आहे आणि चार वर्षांपासून आम्ही राब भाजत नाही, म्हणजे रोप करायच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून पेटवत नाही. राबासाठी दरवर्षी ऐनाच्या फांद्या तोडायच्या, शेण, पाला जाळायचा... म्हणजे खत व्हायचं तेच आगीत घालायचं. उघडीबोडकी ऐनाची झाडं बघून फार वाईट वाटायचं.

त्याऐवजी गादीवाफा, म्हणजे रोपासाठी थोडा उंच वाफा करा. कुजलेलं शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख मातीत नीट मिसळा. राख भातगिरणीत मिळते. तिच्यातल्या सिलिकॉनमुळे रोप काटक होतं. बियाणं आधी मिठाच्या पाण्यात टाका: 10 लिटरला 300 ग्रॅम मीठ. पोचट दाणे तरंगतात, ते काढून टाका. तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. हे अजिबात टाळू नका.

भाजल्याने तणाचं बी मरतं, हे खरं. त्यामुळे सुरुवातीला वाफ्यात एक निंदणी जास्त लागेल. वडीलधारे याच मुद्द्यावर अडतात; त्यांना पहिल्या वर्षी अर्धं रोप जुन्या पद्धतीने करू द्या.

आणि बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावाच, त्याचा पाला खाचराला खत होतो. पावसाच्या तोंडावर फाटे लावले की जगतात. झाड वाढलं की चिखलणीच्या (लावणीआधी खाचरात चिखल करण्याच्या) आठवडाभर आधी कोवळ्या फांद्या तोडून खाचरात पसरायच्या. पाला गळून कुजतो, उरलेल्या काड्या उचलून चुलीला. युरिया लगेच पूर्ण बंद करू नका, दरवर्षी थोडा कमी करत जा.

ठाण्याहून फक्त शनिवार-रविवार जाणार असाल, तर निंदणीला गावातलं माणूस आधीच सांगून ठेवा.