प्लॅनर हेडफोन घेतल्यावर आधी इअरपॅड पाहावेत
आपण महागडा प्लॅनर हेडफोन, म्हणजे पातळ सपाट पडद्याच्या कंपनाने आवाज काढणारा हेडफोन, घेतला आहे, तर अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी इअरपॅडकडे लक्ष द्यावे, असे मी आवर्जून सुचवतो. पॅडची जाडी बदलली की कान आणि पडदा यांतील अंतर बदलते, आणि कडेने हवा सुटू लागली की खर्ज लगेच पातळ होतो. चष्म्याच्या काडीखालची फटही त्यास पुरते. चंद्रपूरकडच्या खेड्यांत पारा ४५ अंशांवर गेला की कृत्रिम चामडे घामाने लवकर सोलवटते, म्हणून मखमली पॅड सुखाचे वाटतात, मात्र त्यांत खर्ज थोडा कमी होतो. उन्हाळ्यापुरते ते खुशाल वापरावेत. मूळ पॅड जपून ठेवावेत, तुलनेला तेच लागतात. बसवून पाहताना कप कानावर जोराने दाबू नयेत, कारण कोंडलेल्या हवेच्या दाबाने पातळ पडद्याला इजा होऊ शकते.