ताई, पैसे देऊन मिटवून टाकू का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सिडकोत राहते, मिस्टर अंबडला कंपनीत शिफ्टला असतात. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीला आहे. मागच्या आठवड्यात माझ्या गूगल पे मधून दोनदा हजार हजार रुपये गेलेले दिसले, विचारलं तर आधी मित्राला दिले म्हणाला आणि मग रात्री रडायलाच लागला. गेम खेळताना एका मुलीशी ओळख झाली, मग इन्स्टावर बोलणं सुरू झालं, तिने स्वतःचे फोटो पाठवले आणि याच्याकडे मागितले, याने पाठवला. कसला ते तुम्ही समजून घ्या. आता ती म्हणते पाच हजार दे नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवते. त्यात क्लासची पोरं आहेत, माझी जाऊबाई पण आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, ते फोनच फोडतील. पाच हजार देऊन मिटवून टाकू का? आणि फोन काढून घेऊ का?
— एक आई

उत्तर : नाही, देऊ नका. आणि का ते तुमच्याच पत्रात आहे बघा, हजार दिले, परत हजार दिले, आता भाव पाच हजारावर गेला. दिले की मिटतं असं असतं तर पहिल्याच हजारात मिटलं असतं. आणि ती "मुलगी" बहुतेक मुलगी नाहीच, कुठेतरी बसलेला एखादा बाप्या किंवा टोळी असेल, एकाच वेळी दहा पोरांशी असंच गोड बोलत असतील. हे मुलालाही सांगा, त्याला वाटतंय आपणच मूर्ख ठरलो.

आता आज रात्रीच करायचं काम. घाबरून चॅट डिलीट करू नका, आमच्या नात्यातल्या एका मुलाने भीतीपोटी सगळं पुसलं आणि मग तक्रारीला दाखवायला हातात काहीच उरलं नाही. धमकीचे मेसेज, त्या अकाउंटचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, पैसे गेले तो यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, मग अकाउंट रिपोर्ट करा आणि त्यानंतर ब्लॉक. पण पुरावा म्हणून मुलाचा तो फोटो मामाला, भावोजींना कुणालाच फॉरवर्ड करू नका, अठराच्या आतल्या मुलाचा तसला फोटो पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हा आहे, भले पाठवणारा घरचा असो.

तो फोटो मुलाच्या फोनमध्ये असेल तर तोही लगेच पुसू नका. टेक इट डाउन नावाची एक फुकट सोय आहे, अमेरिकेतली संस्था चालवते पण आपल्याकडूनही वापरता येते, नाव द्यावं लागत नाही. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जातच नाही, फोनमध्येच त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तेवढाच इन्स्टा, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांकडे जातो, म्हणजे कुणी तो फोटो तिथे टाकला तर ओळखून काढता येतो. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटमध्ये मात्र हे चालत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

पैशासाठी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. आठवडा झालाय म्हणजे पैसे परत येण्याची आशा कमीच, लगेच कळवलं असतं तर समोरच्याच्या खात्यात अडवता आले असते, तरी नोंद होऊ द्या. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर मुलांच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे, नाव न देताही तक्रार होते पण तुम्ही नाव देऊनच करा, मग पुढे काय झालं ते बघता येतं. बदनामीचं म्हणाल तर अठराच्या आतल्यांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पोक्सो कायदा (2012 चा) मुलग्यांनाही लागू आहे, फक्त मुलींना नाही, आणि त्यात मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. जबाब घ्यायला पोलीस घरी येऊ शकतात, तेही युनिफॉर्म न घालता. हे माहीत नसल्याने किती आया गप्प बसतात.

आता फोन. काढून घेऊ नका. मुलं आपल्याला सांगत का नाहीत, तर सांगितलं की पहिला फोन जातो म्हणून, आणि समोरचा नेमकं त्यावरच खेळत असतो, "आईला कळलं तर बघ". तुमचा मुलगा रडत का होईना बोलला ना, मग बोलण्याची शिक्षा नको. गेममधल्या अनोळखी लोकांशी चॅट बंद, अकाउंट प्रायव्हेट, फॉलोअर्सची लिस्ट दोघांनी बसून साफ करायची, यूपीआयचा पिन बदलायचा. एवढं पुरे. मिस्टरांना तुम्हीच सांगा, सेकंड शिफ्टवरून दमून आल्या आल्या नको, सुट्टीच्या दिवशी चहा झाल्यावर, आणि मुलगा समोर नसताना.

अजून एक, काही रात्री त्याच्या खोलीतच झोपा. अशा धमक्यांनी पोरं फार टोकाचा विचार करतात. जेवत नसेल, गप्प गप्प असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीत बोलतात, कधीही फोन लावा. 1098 चाइल्डलाइन पण आहे, तिथे तो स्वतःही फोन करू शकतो.

प्रश्न : मी रिटायर्ड माणूस, पंचवटीत राहतो. नात सात वर्षांची. तिचे फोटो स्टेटसला टाकले की सूनबाई काढायला लावते. अति नाही का हे?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, सूनबाईचं बरोबर आहे हो. शाळेच्या ड्रेसमधल्या फोटोत गळ्यातलं आयकार्ड दिसतं, मागे व्हॅनचा नंबर दिसतो, आणि वर तुम्ही "आत्ता सोमेश्वरला" असं लिहिता, तुमच्या फोनमध्ये प्लंबरपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचे नंबर आहेत त्या सगळ्यांना ते दिसतं. स्टेटस फक्त निवडक माणसांना दिसेल अशी सेटिंग आहे, सूनबाईकडूनच करून घ्या, ती खूश होईल. फिरायला गेलात तर घरी आल्यावर टाका. आणि नातीला विचारा आधी, सात वर्षांची पोरगी नको म्हणाली तर नको. रंगपंचमीला रहाडीतून, म्हणजे रंगाच्या हौदातून निघालेल्या तोंडाचा फोटो असेल तर बिनधास्त टाका, त्यात ती तुम्हालाच ओळखू येत नाही.