खरवडलेली बाजू भिंतीकडे

मावशी,
मी सतरा वर्षांची आहे. नऊ दिवसांनी मोटरसायकल रेसिंगच्या एका ज्युनिअर टीमची ट्रायल आहे. दोन दिवस, गाड्या त्यांच्या, मुलंमुली मिळून बारा जण आणि जागा एकच. आठ दिवसांपूर्वी सरावात मला हायसाइड झाला, म्हणजे मागचं चाक सुटून परत पकडलं आणि गाडीनं मला फेकलं, डोकं आपटलं. शुद्ध गेली नाही, पण पडण्याआधीचे दोन लॅप आठवत नाहीत. ट्रॅकवरच्या डॉक्टरांना मी “काही झालं नाही” म्हणाले. तेव्हापासून उजेडात डोकं दुखतं, मान झटकन वळवली की गरगरतं. परवा गाडीवर बसले तर वेगाच्या उजव्या वळणावर हात आपोआप थ्रॉटल सोडत होता. घरी कुणाला सांगितलेलं नाही. हेल्मेटची खरवडलेली बाजू भिंतीकडे करून ठेवली आहे. दोन वर्षांत बाबांनी स्वतःसाठी एकही सुट्टी घेतलेली नाही. फक्त माझ्या मैत्रिणीला ठाऊक आहे, आणि तीही त्याच ट्रायलला येणार आहे. म्हणते, “तू सांग, नाहीतर मी सांगेन.” तिला माझी जागा हवी आहे का? मोठे रेसर हाडं मोडलेली असताना रेस करतात, आणि मी डोकेदुखीवरून मागे फिरू? वयही निघून चाललंय. काय करू?
— उजवं वळण

पोरी,

आधी तातडीचं. डोकेदुखी वाढत चालली असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, हातापायांत जोर वाटत नसेल, बोलताना शब्द अडखळत असतील किंवा कधी नव्हे इतकी गुंगी येत असेल, तर पुढचं वाचू नकोस. घरात जे कुणी असेल त्याला हाक मार आणि थेट हॉस्पिटलमध्ये जा. यातलं काही नसेल तर बस, बोलू.

ट्रायलला जाऊ की नको, हे तू मला विचारलंस. ते मी ठरवणार नाही, आणि तूही ठरवायचं नाहीस. मनगट दुखावलं तर डोकं सांगतं की मनगट दुखतंय. पण डोक्यालाच मार बसला तर आपण ठीक आहोत की नाही, हे सांगणारंच दुखावलेलं असतं. म्हणून हा निकाल डॉक्टरांचा, आणि त्यांना सगळं खरं सांगितल्यावरचा. उद्याच जा.

शुद्ध गेली नाही याचा तू आधार घेते आहेस, तो घेऊ नकोस. कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का, झालेल्या बहुतेकांची शुद्ध जातच नाही. दोन लॅप आठवणीतून पुसले जाणं, उजेड सहन न होणं, मान वळवली की गरगरणं, ही तिन्ही लक्षणं डॉक्टरांच्या प्रश्नांच्या यादीतलीच आहेत. तू ती स्वतःच्या हातानं लिहून मला पाठवलीस, तशीच कागदावर लिहून त्यांच्याकडे ने. आणि स्कॅन करायला लावला आणि तो स्वच्छ आला, तर लगेच सुटलो असं समजू नकोस. रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर आहे का ते स्कॅनमध्ये दिसतं. कन्कशन त्यात बहुधा दिसतच नाही.

डॉक्टर कायमचं बंद करतील ही तुझी भीती मला ओळींमधून दिसते. बहुतेक वेळा तसं होत नाही. तुझ्या वयाची बहुतेक मुलं साधारण महिनाभरात बरी होतात. एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, हलका व्यायाम, मग थोडा जोराचा. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा, त्रास वाढला तर एक पायरी मागे यायचं. गाडी सगळ्यात शेवटी. घाई का नको, तेही सांगते. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला आणि मेंदूला एकाएकी सूज येऊन जीव गेला, अशी तुझ्याच वयाच्या खेळाडूंची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. असं क्वचित होतं, पण ते झाल्यावर हातात काही उरत नाही. एवढं टोकाचं बाजूला ठेवू. ताशी 180 किलोमीटरला गाडी सेकंदाला 50 मीटर जाते. तुझा हात एक दशांश सेकंद उशिरा चालला तर ब्रेकची जागा 5 मीटर पुढे सरकली. त्या 5 मीटरमध्ये तू एकटी नसशील, आणखी अकरा जण ट्रॅकवर असतील. त्यातली एक तुझी मैत्रीण.

मोडलेल्या हाडांचं म्हणशील, तर तुझ्या डोळ्यांसमोर बहुतेक मोटोजीपीतला, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या सगळ्यात वरच्या वर्गातला, लोरेंझोच असणार. 2013 साली नेदरलँड्समधल्या असेनला गुरुवारी त्याचं कॉलरबोन मोडलं, विमानानं बार्सिलोनाला जाऊन त्यानं ऑपरेशन करून घेतलं, आणि शनिवारी रेस करून पाचवा आला. ही गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी असते आणि सांगणारे नेमके इथंच थांबतात. पुढच्याच रेसला, जर्मनीतल्या साक्सनरिंगला, तो त्याच खांद्यावर पडला, आत बसवलेली प्लेट वाकली, पुन्हा ऑपरेशन झालं आणि ती रेस त्याला सोडावी लागली. वर्षाच्या शेवटी विजेतेपद 4 गुणांनी गेलं. ते ज्याला मिळालं त्या मार्केझचं 2020 मध्ये स्पेनमधल्या हेरेथला दंडाचं हाड मोडलं, ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी तो पुन्हा गाडीवर बसला, आणि तो अख्खा हंगाम हातातून गेला. त्या हातावर एकूण चार ऑपरेशनं झाली. हे दोघंही जगज्जेते होते, आणि त्यांच्या दुखापती त्यांच्या टीमला आणि डॉक्टरांना माहीत होत्या. तू तर लपवून जाणार आहेस. शिवाय ती हाडं होती. हाडात प्लेट बसवता येते.

आता माझं. माझा धाकटा भाऊ रेस करायचा आणि सहा वर्षं मी पिट वॉलवर त्याचे टाइम घ्यायचे. एकदा सरावात तो पडला. परतताना गाडीत त्यानं मला एकच प्रश्न चारदा विचारला: “माझे ग्लोव्ह्ज कुठं आहेत?” ग्लोव्ह्ज त्याच्या मांडीवर होते. दुसऱ्या दिवशी रेस होती, तो पहिल्या रांगेत होता, आणि डॉक्टरांनी मला विचारलं, “काही वेगळं वागतोय का?” मी नाही म्हणाले. तिसऱ्या लॅपला सरळ रस्त्याच्या शेवटी त्यानं ब्रेकच धरला नाही. कुणाला धडकला नाही, वाळूत गेला, पाय मोडला. पाय तीन महिन्यांत बरा झाला. डोकं दुखायचं मात्र वर्षभर थांबलं नाही. वाचायला बसला की दहा मिनिटांत पुस्तक मिटायचा. पुन्हा गाडीवर बसला नाही. तो मला काही बोलला नाही, आजही बोलत नाही. पण त्या “नाही”चा आवाज मला अजून ऐकू येतो. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तुझ्या मैत्रिणीच्या जागी मी उभी राहिलेली आहे आणि तिला जे जमतंय ते मला जमलं नव्हतं.

तिच्याबद्दल तू विचारलंस ते सगळ्यात जास्त लागलं. जरा नीट बघ. तिला तुझी जागा हवी असती तर तिनं काय करायला हवं होतं? काहीच नाही. गप्प बसायचं होतं. गरगरणारं डोकं घेऊन तू ट्रायलला आली असतीस, मागे पडली असतीस किंवा आपटली असतीस, आणि तिच्या वाटेतली एक स्पर्धक आपोआप कमी झाली असती. ती ते करत नाहीये. तू सांगितलंस, तुला दुसरी तारीख मिळाली आणि तू बरी होऊन आलीस, तर तिची स्पर्धा उलट वाढणार आहे. तरी ती सांग म्हणते आहे. आणि तुझ्या पाठीमागे जाऊन सांगत नाहीये, तुला आधी संधी देते आहे. असं माणूस ट्रॅकवर शेजारून येत असेल तर आपल्या चाकाजवळ जागा सोडेल, इतका भरवसा त्याच्यावर ठेवता येतो. तू तिच्यावर मनातल्या मनात आरोप केलास, तो भीतीपोटी केलास. आज रात्री तिला फोन कर. फार बोलू नकोस. “मी सांगते आहे” इतकं म्हण.

टीम काय बघते, हे तुला ठाऊक असलं तरी पुन्हा सांगते, कारण या घाईत ते तुझ्या नजरेतून सुटलंय. सगळ्यांना वाटतं एक झकास लॅप टाकला की झालं. ट्रायलमध्ये गाडी अनोळखी असते, एका लॅपचा वेग कुणाचाही लागून जातो. बघणारे बघतात की दहा लॅप एकसारखे येतात का, दुपारी टायर झिजल्यावर काय होतं, सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अंगात उतरते का. आणि मग पिटमध्ये आल्यावर तू काय बोलतेस ते. “गाडी बरोबर नाही” म्हणणारे ढिगानं येतात. “ब्रेक सोडताना पुढचं चाक हलतं, थ्रॉटल दिल्यावर बसतं” असं सांगणारी आली की मेकॅनिक मान वर करून बघतो. त्याहून अवघड वाक्य एकच: “गाडी ठीक आहे, तिथं मी घाबरले, म्हणून लवकर ब्रेक धरला.” हे न बोलणाऱ्यासाठी टीम अर्धा दिवस सस्पेन्शन फिरवत बसते. डेटामध्ये थ्रॉटल कुठं सुटला, ब्रेकवर किती दाब होता, सगळं उमटलेलं असतंच. तो का सुटला, हे मात्र रायडरनं सांगितल्याशिवाय कळत नाही. टीमला जो वेग हवा असतो तो पुढे वाढवता येतो. ज्याचं बोलणं खरं धरून गाडी लावता येईल असा रायडर मात्र त्यांना आयताच हवा असतो.

म्हणून तुझ्या त्या उजव्या वळणाबद्दल. तो हात भीतीनं सुटतोय की डोकं अजून ताळ्यावर आलेलं नाही म्हणून, हे आज तुला कळणार नाही, मलाही नाही. भीती असेल तर तिच्यावर काम करता येतं: त्याच वळणावर आधी हळू, नजर बाहेर पडायच्या टोकावर, दर लॅपला थोडा थोडा वेग. हायसाइडनंतर हात कचरणं यात लाजण्यासारखं काही नाही, मागचं चाक सुटून परत पकडतं तेव्हा गाडी कशी फेकते ते शरीर विसरत नाही. पण हे काम डोकं बरं झाल्यावरचं. आधी केलंस तर चुकीच्या आजारावर औषध दिल्यासारखं होईल.

टीमला तूच कळव, बाबांच्या तोंडून नको. दोन-तीन वाक्यं पुरतात: अमुक तारखेला पडले, डोक्याला मार लागला, तपासणी चालू आहे, डॉक्टरांची लेखी परवानगी मिळेपर्यंत गाडीवर बसणार नाही, नंतर एखाद्या दिवशी मला बघता येईल का. माफी मागू नकोस, गयावया नको. शक्य असेल तर त्या दोन दिवसांत पिटमध्ये उभं राहून बघू देता का, एवढं मात्र विचार. ते हो म्हणतील असं मी वचन देत नाही. जागा एकच आहे, त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं, ती जागा या वेळी जाऊ शकते. गेली तर तू रडशील आणि तुझ्या जागी मीही रडले असते. त्या ट्रॅकवरच्या डॉक्टरांनाही कळव की तेव्हा खरं सांगितलं नव्हतं.

वयाचं मात्र मनातून काढ. ग्रां प्रीमध्ये उतरायचं किमान वयच 2023 पासून सर्वसाधारणपणे 18 केलंय. कोवळी मुलं रेसमध्ये जीव गमावू लागली तेव्हा हे करावं लागलं. योहान झार्कोनं 2007 मध्ये रूकीज कपचा, म्हणजे नवोदितांच्या मालिकेचा, पहिलाच हंगाम जिंकला आणि मोटोजीपीमधला पहिला विजय मिळवला 2023 मध्ये, तेव्हा तो 33 वर्षांचा होता. आना कारास्को 2018 साली सुपरस्पोर्ट 300 या छोट्या गाड्यांच्या वर्गाची जगज्जेती झाली, सर्किटवर एकट्या रायडरच्या रेसिंगमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली बाई. 2020 मध्ये सरावात पडून तिचे पाठीचे मणके मोडले. कित्येक महिने ती गाडीपासून लांब राहिली, आणि 2021 मध्ये इटलीतल्या मिसानोला पुन्हा रेस जिंकली. महिनाभर थांबल्यानं तुझं काय निघून जाणार आहे?

उरले बाबा. सुट्टीचं तू ज्या पद्धतीनं लिहिलंस त्यावरून वाटतं, तू ते कर्ज समजून फेडायला निघाली आहेस. त्यांनी ते तू पोडियमवर उभी राहावीस म्हणून केलं असेल, पण त्याआधी तू संध्याकाळी घरी यावीस म्हणूनही केलंय. ते चिडतील. पहिली दहा मिनिटं बहुतेक ट्रायलबद्दलच बोलतील, किंवा काहीच बोलणार नाहीत. तू थांब. उत्तरं देऊ नकोस, त्यांचा राग टीमच्या जागेवरचा नसतो, आठ दिवस त्यांना कळलं नाही याचा असतो.

सुरुवात कशी करायची ते सुचत नसेल तर बोलूच नकोस. ते हेल्मेट तसंही आता निकामी आहे. आतला फोम एकदाच दबतो आणि पुन्हा भरून येत नाही, पुढच्या पडण्यात ते डोकं वाचवणार नाही. ते उचल, बाबा बसले असतील तिथं ने, आणि खरवडलेली बाजू त्यांच्याकडे करून टेबलावर ठेव.

— मावशी