ल्हासा यमुनेकाठी, काबूल लाजपत नगरात

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी मी लातूरहून येऊन दिल्लीत मुखर्जी नगरला राहतो. मेसच्या राजमा-चावलाचा आता वीट आला आहे. इतर देशांचे अस्सल जेवण चाखावेसे वाटते. पण मोठ्या हॉटेलांचे दर परवडत नाहीत आणि खोलीतला मित्र शाकाहारी आहे. कुठे जावे?

उत्तर : सुरुवात घराजवळूनच करावी. तुमच्यापासून थोड्याच अंतरावर, यमुनेच्या काठी, मजनू का टीला ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आल्यानंतरच्या काळात ती वसली. हौशी गर्दी छायाचित्रांसाठी कॅफेंच्या गच्च्या गाठते. तुम्ही मात्र गल्लीतल्या लाफिंगच्या गाडीपाशी थांबावे. पिवळ्या लाफिंगची थंडगार, बुळबुळीत पोळी पसरून विक्रेती तिच्यावर लसणाचे पाणी, सोया सॉस आणि लाल मिरचीचे तेल घालते, सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी करते आणि तुकडे पाडून पुढ्यात ठेवते. पहिला घास जिभेवर ठरतच नाही, तिखट मात्र मागाहून कानांपर्यंत पोहोचते. मित्रासाठी टिंगमो, म्हणजे वाफवलेला पदरांचा पाव, आणि भाज्यांचे थेनथुक, म्हणजे हाताने तोडलेल्या कणकेच्या पट्ट्यांचा रस्सा, मागवावे. परंतु रस्सा मांसाचा नाही ना, हे आधी विचारावे, कारण नुसत्या भाज्या घातल्याने तो शाकाहारी होत नाही. लोणी आणि मीठ घातलेला तिबेटी चहा सार समजून प्यायलात, तर आवडण्याची शक्यता अधिक.

पुढच्या रविवारी लाजपत नगर गाठावे. जीटीबी नगरहून मेट्रोने कश्मीरी गेटला येऊन तिथे जांभळ्या मार्गाची गाडी धरावी. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हापासून टप्प्याटप्प्याने दिल्लीत आलेल्या अफगाण कुटुंबांपैकी अनेकांनी हा भाग जवळ केला. त्यामुळे इथल्या कित्येक पाट्या आजही अफगाणिस्तानातल्या दारी भाषेत दिसतात. नवखा माणूस इथे आल्या आल्या काबुली पुलाव मागवतो. गाजर, मनुका आणि मटण घातलेला हा पुलाव उत्तमच असतो, पण तो पाहुणचाराचा पदार्थ आहे आणि त्याचा दरही पाहुणचाराला साजेसाच असतो. दोघांतिघांत एक ताट घ्यावे. आमच्या मते, खिसा हलका असेल तर तिथली माणसे रोज जे खातात तेच मागावे, आणि ते म्हणजे नान. बोटांनी रेघा ओढून भट्टीत भाजलेला लांबट नान घ्यावा आणि त्याच्याबरोबर वांग्यावर दही घातलेली बोरानी मागवावी. बटाट्याचे सारण भरलेली पातळ बोलानीही मित्राला चालेल. तुम्ही मांसाहारी असाल, तर खिम्याचे वाफवलेले मंतू चुकवू नका. वर दही, डाळ आणि सुका पुदिना असतो.

नान मात्र भट्टीपाशीच संपवावा. खोलीवर नेलेला नान रात्रीपर्यंत चिवट होतो, आणि मग तक्रारीचे पत्र आमच्याकडे येते.