स्पेनच्या यादवी युद्धातल्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये, म्हणजे परदेशी स्वयंसेवकांच्या तुकड्यांमध्ये, कोणी मराठी माणूस होता का?

हो, नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, म्हणजेच बाळाजी हुद्दार. लंडनमध्ये पत्रकारितेचं शिक्षण घेत असताना ते १९३७ मध्ये 'जॉन स्मिथ' या नावाने बंडखोर सेनानी फ्रँकोविरुद्ध लढायला भरती झाले. याच नावामुळे ते स्वयंसेवकांच्या यादीत पटकन सापडत नाहीत, आणि आपल्याकडेही त्यांची आठवण फार कमी निघते, याचं वाईट वाटतं. ते ज्या ब्रिटिश बटालियनमध्ये गेले ती १५व्या ब्रिगेडचा भाग होती. फेब्रुवारी १९३७ मध्ये माद्रिदजवळच्या हारामाच्या लढाईत, हुद्दार येण्याआधी, या बटालियनचे सुमारे ६०० जण उतरले आणि पहिल्या दिवसअखेर त्यातले निम्मेही लढण्याच्या स्थितीत उरले नव्हते. बहुतेकजण कामगार, लष्करी अनुभव नसलेले, हातात जुनी शस्त्रं. १९३८ च्या वसंतात ईशान्य स्पेनमधल्या अरागॉनमधून माघार घेताना हुद्दार गांदेसा परिसरात पकडले गेले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठातल्या कैदेतून त्याच वर्षी सुटून ते भारतात परतले.

मात्र भारतीयांची वेगळी तुकडी अशी नव्हती. मोजके भारतीय आपापले गेले, त्यात डॉ. अटल यांच्यासारखे काही वैद्यकीय कामासाठी. हुद्दार पूर्वी रा. स्व. संघाचे सरकार्यवाह (सरचिटणीस) होते, हेही इथे नोंदवायलाच हवं.