युनिट सेलला ‘एकक पेशी’ म्हणावं का?

नागपूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. बारावीच्या मुलांसाठी रसायनशास्त्राची मराठी टिपणं काढताना त्यांनी युनिट सेलला, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एकसारख्या तुकड्याला, ‘एकक पेशी’ आणि त्यातल्या अणूंच्या पोझिशनला ‘अणूंची स्थिती’ लिहिलं. सहकाऱ्याने हिंदी पुस्तकातली ‘एकक कोष्ठिका’ दाखवली. मग बरोबर काय?

ताई, ‘पेशी’ आधी खोडा. आपल्याकडे पेशी म्हटलं की निम्म्या घरांना कोर्टाची तारीख आठवते. ‘बाबांची आज पेशी आहे’ हे वाक्य इकडे जीवशास्त्राचं नसतं! पण गमतीचा भाग सोडला तरी संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. जिवंत गोष्टीला तो शब्द शोभतो, मिठाच्या खड्याला नाही. घोळ इंग्रजीमुळे झाला. लॅटिन ‘सेला’ म्हणजे लहान खोली. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटलं, आणि स्फटिकवाल्यांनीही पुढे तोच शब्द घेतला. मूळ अर्थ खोलीचाच, आणि ‘कोष्ठ’ही तेच सांगतो, आपले कोठा, कोठी, कोठार त्याच घरातले. तेव्हा ‘एकक कोष्ठिका’ हिंदी पुस्तकात आहे म्हणून बिचकू नका, खुशाल लिहा.

वर्गात समजावताना मात्र मी ‘खण’ म्हणेन. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत घर खणांनी मोजायचे. खण म्हणजे दोन खांबांमधली, दोन तुळयांमधली जागा. त्याला भिंत असलीच पाहिजे असं नाही, ते माप आहे. युनिट सेलही तशीच. स्फटिकात कुठेही भिंती नाहीत, रेषा आपण मारतो. तो खण तिन्ही दिशांना जसाच्या तसा सरकवत गेलं की अख्खा स्फटिक उभा राहतो.

शिवाय खांब सामाईक असतो. वाड्याच्या मधल्या खांबाच्या माथ्याशी खालचे चार खण भेटतात आणि माडीचे चार. म्हणून कोपऱ्यातल्या अणूचा एका खणाला आठवा हिस्सा, आजीच्या भाषेत अदपाव. पृष्ठाच्या मधोमध असलेला अर्धा, कडेवरचा पाव, आतला पूर्ण. मिठाचा हिशोब करून बघा. क्लोराइड आठ कोपऱ्यांचे मिळून १, सहा पृष्ठांचे ३. सोडियम बारा कडांचे ३ आणि मधला १. दोन्हीकडे चार-चार. या खणाची कड ५.६४ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटावा भाग), म्हणजे मिलिमीटरभर खड्याच्या एका कडेवर असे साधारण पावणेअठरा लाख खण.

आता ‘स्थिती’. मराठीत स्थिती म्हणजे हालहवाल. ‘अणूची स्थिती’ वाचून मुलगा विचारेल, काहून, काय झालं त्याला? जागा सांगायची तर ‘स्थान’ लिहा. ते निर्देशकांनी, म्हणजे तिन्ही दिशांच्या तीन आकड्यांनी सांगतात, पण अँगस्ट्रॉममध्ये नव्हे, खणाच्या कडेच्या हिश्श्यात. इथे आपली भाषा फार कामाला येते. लोखंडाच्या खणातला मधला अणू अर्धा-अर्धा-अर्धा. हिऱ्यात आतले चार अणू असतात; एक पाव-पाव-पाव, उरलेल्या तिघांचे दोन निर्देशक पाऊण आणि एक पाव. पाव आणि पाऊण तर मुलं दुधाच्या हिशोबातच शिकून येतात. एवढी सोय असताना ‘शून्य दशांश सात पाच’ कशाला घोकवायचं?

फक्त स्थानांची यादी करताना त्यांना पूर्ण १ लिहू देऊ नका. इथला १ म्हणजे पुढच्या खणाचं शून्य, आणि तो खांब आपण आधीच मोजलेला असतो.